सूज स्वादुपिंडाची, झळ साऱ्या देहाला

पोटात वरच्या बाजूला असह्य कळ, ती थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. अशा अवस्थेत माणूस रुग्णालयात येतो आणि त्याच्या रक्तातलं लायपेज तपासलं जातं. ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त निघालं की अशा दुखण्यात निदान जवळपास पक्कं होतं : अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा तीव्र दाह. नातेवाईक मग त्या आकड्याला धरून बसतात. काल तीन हजार होतं, आज अठराशे आलंय, म्हणजे उतार पडला ना डॉक्टर? डॉक्टरांना सांगावं लागतं की या आकड्यावरून आजार किती वाढणार हे कळत नाही. लायपेज दहा हजारांवर गेलेला रुग्ण पाचव्या दिवशी वरणभात खाऊन घरी जाऊ शकतो, आणि हजार-बाराशेचा रुग्ण तिसऱ्या रात्री व्हेंटिलेटरवर असू शकतो.

मग डॉक्टर पाहतात काय? श्वास दर मिनिटाला किती, नाडी किती, चोवीस तासांत लघवी किती झाली, क्रिएटिनिन चढतंय का, ४८ तासांनी दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन १५०च्या वर गेलं का. २०१२मध्ये सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणात गंभीर आजाराची व्याख्या अशी आहे : फुफ्फुसं, रक्ताभिसरण किंवा मूत्रपिंडं यांपैकी एखादी यंत्रणा निकामी होऊन ४८ तासांहून जास्त काळ तशीच राहणं. स्वादुपिंडाच्या आजाराचा गंभीरपणा ठरवणाऱ्या या व्याख्येत स्वादुपिंडाची अवस्था विचारातच घेतलेली नाही. सीआरपीसुद्धा स्वादुपिंडात तयार होत नाही. इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू रक्तातून यकृतात पोचतो, त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं, आणि हे इंटरल्यूकिन पाठवणाऱ्यांत आपल्याच रोगप्रतिकारक पेशी आघाडीवर असतात.

एवढं ध्यानात आलं की प्रश्न बदलतो. स्वादुपिंडाला इजा कशी होते, याचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत बरंचसं मिळालं आहे. पण दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार जण थोडक्यात सुटतात आणि उरलेल्याला ती इजा आयसीयूपर्यंत का नेते, हे स्वादुपिंडाकडे बघत राहिल्यानं कळत नाही. त्यासाठी न्यूट्रोफिल, मोनोसाइट, मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींकडे वळावं लागतं. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे.

आधी अवयवाची जुजबी ओळख. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्याला आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एवढासा अवयव रोज लिटर-दीड लिटर पाचकरस गाळतो. त्याच्या अ‍ॅसिनर पेशींत प्रथिनं आणि चरबी तोडणारी एन्झाइमं तयार होतात. त्यांतली प्रथिनं तोडणारी बहुतेक एन्झाइमं निष्क्रिय रूपात साठवलेली असतात. ट्रिप्सिनोजेन लहान आतड्यात पोचलं की तिथलं एक एन्झाइम त्याचं ट्रिप्सिन करतं, आणि ट्रिप्सिन बाकीच्यांना जागं करतं. ही जाग आतड्याऐवजी स्वादुपिंडातच आली तर अवयव स्वतःलाच पचवू लागेल, हा विचार हान्स किआरी यानं १८९६मध्ये प्रागमध्ये मांडला. त्याआधी १८८९मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झनं या आजाराचं सविस्तर वैद्यकीय वर्णन केलं होतं. १९०१मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यूजीन ओपी याला शवविच्छेदनात पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकलेला खडा सापडला, आणि पित्ताच्या खड्यांचा या आजाराशी संबंध जुळला. दारू आणि पित्ताचे खडे हीच आजही दोन मुख्य कारणं आहेत. रक्तातले ट्रायग्लिसराइड हजारच्या वर जाणं त्यांच्यानंतर येतं. (ट्रिनिदादमध्ये एका जातीचा विंचू चावल्यावरही स्वादुपिंडाचा दाह होतो.)

किआरीचा विचार चुकीचा नव्हता. अ‍ॅसिनर पेशीत गोंधळ झाला की एन्झाइमांच्या पिशव्या आणि पेशीतल्या कचरा जिरवणाऱ्या पिशव्या एकमेकींत मिसळतात, कॅथेप्सिन-बी ट्रिप्सिनोजेनला तिथेच कापतं आणि ट्रिप्सिन पेशीच्या आतच तयार होतं. १९९६मध्ये पिट्सबर्गच्या डेव्हिड व्हिटकॉम्ब यांच्या गटानं आनुवंशिक पॅन्क्रियाटायटिस असलेल्या घराण्यांत ट्रिप्सिनोजेनच्याच जनुकात दोष दाखवला, तेव्हा या मताला पक्का आधार मिळाला. केरळमध्ये डॉ. गीवर्गीज यांनी ज्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या उष्णकटिबंधीय, खडे धरणाऱ्या जुनाट पॅन्क्रियाटायटिसबाबत हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २००२मध्ये वेगळं उत्तर दिलं : या रुग्णांत ट्रिप्सिनोजेनचं जनुक ठीक आहे, ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या स्पिंक-१ या जनुकात मात्र बदल आहे. बाजू वेगळी असली तरी मुद्दा ट्रिप्सिनचाच राहिला.

मग ट्रिप्सिनला रोखणारं औषध दिलं की आजार आटोक्यात यायला हवा. तसं झालं नाही. अ‍ॅप्रोटिनिन हे गुरांच्या अवयवांतून काढलेलं ट्रिप्सिनरोधक औषध कित्येक वर्षं दिलं गेलं, आणि १९७७मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीनं त्याचा काहीही फायदा नसल्याचं जाहीर केलं. पुढच्या ट्रिप्सिनरोधकांनीही पदरात फारसं काही टाकलं नाही. १९८८मध्ये हाइनरिख रिंडरक्नेख्ट या संशोधकानं एक लेख लिहिला. स्वादुपिंडातली एन्झाइमं हाच त्याचा अभ्यासविषय, त्यामुळे त्यानं जे विचारलं त्याला वजन होतं : प्राणघातक पॅन्क्रियाटायटिस हा पांढऱ्या पेशींना प्रमाणाबाहेर चिथावणी मिळाल्याचा परिणाम तर नसेल? शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. माझ्या मते या विषयाचा आधुनिक इतिहास त्या प्रश्नचिन्हापासून सुरू होतो.

प्रयोगशाळेतून नेमकं उत्तर यायला आणखी तेवीस वर्षं लागली. मिनेसोटात अशोक सलूजा यांच्या प्रयोगशाळेत राजिंदर डावरा आणि सहकाऱ्यांनी ट्रिप्सिनोजेनचा मुख्य प्रकारच नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांच्यात पॅन्क्रियाटायटिस घडवून आणला. २०११मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : अ‍ॅसिनर पेशींचा नाश जवळपास निम्म्यानं कमी झाला. पण दाह? स्वादुपिंडातला आणि फुफ्फुसांतलाही दाह जसाच्या तसा. ट्रिप्सिन नसतानाही पांढऱ्या पेशी तितक्याच जोमानं आल्या. किआरीच्या विचारातून निम्मी नासधूस समजते. दाह स्वतःच्या वेगळ्या वाटेनं येतो.

इथे एका बेडकाचा उल्लेख करायलाच हवा. वर ‘पॅन्क्रियाटायटिस घडवून आणला’ असं सहज लिहिलं, पण ते घडतं बहुधा सेरुलिन या द्रव्यानं. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकाच्या कातडीत ते सापडलं. इटलीचे व्हिट्टोरिओ एरस्पामेर यांचं हे काम. जेवण झाल्यावर स्वादुपिंडाला रस सोडायला लावणारा जो हार्मोन आपल्या शरीरात असतो, त्याच्याशी या द्रव्याचं विलक्षण साम्य आहे. उंदराला ते दर तासाला, गरजेच्या कित्येक पट टोचलं की काही तासांत स्वादुपिंड सुजतं. या विषयात आपल्याला जे माहीत आहे त्याचा फार मोठा भाग या टोचण्यांवर उभा आहे. अडचण अशी की हा उंदीर दारू पीत नाही, त्याच्या पित्ताशयात खडे नसतात, तो लठ्ठ नसतो आणि आठवडाभरात बराही होतो. पुढच्या प्रकरणांत जिथे जिथे ‘दिसून आलं’ असं वाचाल, तिथे ते कोणात दिसून आलं हे पाहायची सवय ठेवा.

दाहाची पहिली हाक अ‍ॅसिनर पेशीच देते. इजा होताच तिच्यात एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनसमूह केंद्रकात शिरतो आणि बाहेर बोलावणी जातात. एमसीपी-१ मोनोसाइटांना, इंटरल्यूकिन-८च्या कुळातले रेणू न्यूट्रोफिलांना. हे ट्रिप्सिन तयार होण्याबरोबरच, पण त्याच्यावाचूनही होतं. पेशी फुटून मेली की तिच्यातला डीएनए, एटीपी, हिस्टोन आणि एचएमजीबी-१सारखी प्रथिनं बाहेर सांडतात. आपल्या पेशीच्या आत ही सगळी निरुपद्रवी. बाहेर मात्र मॅक्रोफेज यांना धोक्याची खूण समजतात. जिवाणूचं कवच ओळखण्यासाठी पेशींवर असलेले टोलसारखे ग्राहक या सांडलेल्या मालालाही तसाच प्रतिसाद देतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाला ताप असतो, नाडी धावते, पांढऱ्या पेशी वीस हजारांवर जातात आणि तरीही जंतू कुठेच नसतो. हे उमगलं असतं तर किती अँटिबायोटिक वाचली असती! जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देण्याचा उपयोग नाही, हे चाचण्यांनी दाखवून बराच काळ झाला. वॉर्डात ती अजूनही सर्रास चालू केली जातात.

पहिल्यांदा येतात न्यूट्रोफिल. अस्थिमज्जा रोज शंभर अब्जांच्या घरात न्यूट्रोफिल बनवते, आणि रक्तात त्यांचं आयुष्य फार तर दिवसभराचं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन आणि मग आयकॅम-१ हे रेणू उगवले की न्यूट्रोफिल आधी घरंगळतात, मग चिकटतात आणि भिंतीतून पलीकडे जातात. तिथे मारायला जंतू नसतो. तरीही त्यांच्याजवळची इलास्टेज, मायलोपेरॉक्सिडेज आणि ऑक्सिजनची जहाल रूपं वापरली जातातच. लॉस एंजेलिसच्या आना गुकोव्स्काया यांच्या गटानं २००२मध्ये दाखवलं की न्यूट्रोफिलांच्या याच ऑक्सिजनच्या माऱ्यामुळे स्वादुपिंडात आणखी ट्रिप्सिनोजेन जागं होतं. ट्रिप्सिनच्या इजेनं न्यूट्रोफिल येतात आणि न्यूट्रोफिलांमुळे आणखी ट्रिप्सिन बनतं.

२००४मध्ये बर्लिनमध्ये न्यूट्रोफिलांची एक नवी रीत उघड झाली : ते स्वतःचा डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकवतात. या जाळ्यांना ‘नेट’ म्हणतात. २०१५मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांना पॅन्क्रियाटायटिस झालेल्या उंदरांच्या स्वादुपिंडात ही जाळी सापडली. ती विरघळवली तर इजा कमी होत होती. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटानं दाखवलं की ही जाळी स्वादुपिंडाच्या बारीक नलिकांतच बसतात आणि त्या तुंबवतात. ओपीला १९०१मध्ये नलिकेच्या तोंडाशी खडा सापडला होता. इथे आतल्या नलिका शरीराच्याच पेशींनी बुजवलेल्या.

न्यूट्रोफिलांपेक्षाही मला मॅक्रोफेजचं प्रकरण अधिक मोलाचं वाटतं. एल्या मेचनिकोव्ह यानं १८८२मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या, तेव्हापासून भक्षक पेशी म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी हे चित्र आपल्या मनात आहे. १९०८चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात मार्कुस लेर्श आणि मॅथियास झेंडलर यांच्या गटानं २०१८मध्ये या चित्राला धक्का दिला. मेलेल्या अ‍ॅसिनर पेशींचे तुकडे मॅक्रोफेज गिळतात, हे बरोबरच. पण त्या तुकड्यांत निष्क्रिय ट्रिप्सिनोजेन असतं, आणि मॅक्रोफेजच्या पोटातल्या आम्लधर्मी पिशव्यांत कॅथेप्सिन-बी भरपूर असतं. म्हणजे कचरा गोळा करणाऱ्या पेशीच्या आतच ट्रिप्सिन तयार होतं. त्यानं ती पेशी चवताळते, तिच्यातला एनएलआरपी-३ हा प्रथिनसंच जुळून येतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडतं. ‘एन्झाइमं की पेशी’ हा जुना वाद त्यामुळे निरर्थक ठरतो. ट्रिप्सिन आहेच, फक्त ते कुठल्या पेशीत बसून उपद्रव करतं, हे इतकी वर्षं कुणी पाहिलं नव्हतं.

आता फुफ्फुसांकडे. पोटातल्या आजारात श्वास का अडतो, हा नातेवाइकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त यकृतात जातं, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून सरळ फुफ्फुसांत. पोटातलं लसीकाद्रव्य तर यकृताला वळसा घालून मानेजवळच्या शिरेत उतरतं आणि तेही आधी फुफ्फुसांतच पोचतं. दाहक रेणूंनी भरलेल्या या प्रवाहामुळे फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं. त्या केशवाहिन्या एरवीही न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात. न्यूट्रोफिल चेपून त्यातून जातो. उत्तेजित न्यूट्रोफिल ताठर होतो आणि अडकतो. मग भिंती गळू लागतात, हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन उतरतो. उंदरांत न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले किंवा आयकॅम-१ नसलेले उंदीर घेतले, तर स्वादुपिंड आणि फुफ्फुसं या दोन्हींची इजा कमी होते.

यात चरबीचाही हात असतो, आणि आपल्याकडच्या सुटलेल्या पोटांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. गळलेलं लायपेज पोटातल्या आतड्याभोवतीची चरबी तोडतं. तिच्यातून सुटलेली असंतृप्त मेदाम्लं पेशींना विषारी असतात आणि दाह भडकवतात. आता अ‍ॅरिझोनाच्या मेयो क्लिनिकमध्ये असलेल्या विजय सिंग यांनी या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. शस्त्रक्रियेत पोट उघडल्यावर खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात ते या मेदाम्लांचे कॅल्शियमशी झालेले साबण. आजार किती गंभीर होणार याचा संबंध पोटाच्या घेराशी का लागतो, हे त्यातून बरंचसं उलगडतं.

इथवरची गोष्ट ‘अति झालं’ अशी आहे. गोष्ट एवढीच असती तर दाह दाबणाऱ्या औषधांनी ती संपली असती. पण गंभीर रुग्णांत आणखी काही चाललेलं असतं. त्यांच्या मोनोसाइटांवरचा एचएलए-डीआर हा रेणू घटतो. परक्याची ओळख टी-पेशींना पटवून देण्यासाठी तो लागतो. लिम्फोसाइटांची संख्या कोसळते. दाह शमवणारं इंटरल्यूकिन-१० चढतं. अमेरिकेतल्या रॉजर बोन यांनी १९९६मध्ये या अवस्थेला भरपाईचा दाहविरोधी प्रतिसाद म्हटलं; वैद्यकीय व्यवहारात तिला ‘कार्स’ म्हणतात. या काळात शरीर जंतूंपुढे उघडं पडतं, आतड्यातले जिवाणू मेलेल्या स्वादुपिंडात शिरतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात संसर्गानं मृत्यू ओढवतात. पहिल्या आठवड्यातले मृत्यू बहुतांशी अवयव निकामी होण्यानं होतात, नंतरचे बहुतांशी जंतुसंसर्गानं.

पाठ्यपुस्तकांत याची एक सुबक आकृती असते. आधी दाहाचा डोंगर, तो उतरला की दुर्बलतेची दरी. ती आकृती या पुस्तकात मुद्दाम नाही. ग्राइफ्सवाल्डच्याच गटानं २०२०मध्ये उंदरांत दाखवलं की हे दोन्ही प्रतिसाद एकामागून एक येत नाहीत; ते बरोबरच सुरू होतात, आणि दोन्हींच्या मुळाशी तोच एनएलआरपी-३ असतो. पुढे त्यांनीच आणखी एक चकित करणारी बाब मांडली. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी गंभीर आजारात इतक्या जोमात येतात की आतड्याची राखण ढिली पडते आणि ग्रहणीतले, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातले, जिवाणू मृत भागात उतरतात. आपण इतकी वर्षं संशय मोठ्या आतड्यावर घेत होतो. ज्या पेशींना आपण शांत करणाऱ्या म्हणतो, त्याही इथे निर्दोष नाहीत.

औषधांच्या चाचण्यांचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचावा. लेक्सिपॅफंट हे प्लेटलेट उत्तेजक घटकाला अडवणारं औषध. लहान चाचण्यांत आशा वाटली, २००१च्या मोठ्या चाचणीत ती मावळली. नेदरलँड्समध्ये प्रोबायोटिक देऊन संसर्ग टाळता येईल का हे पाहिलं गेलं. २००८मध्ये निकाल आला तेव्हा प्रोबायोटिक घेतलेल्यांत १६ टक्के मृत्यू होते आणि न घेतलेल्यांत ६ टक्के. काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला होता. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या जिवाणूंनी हे केलं. त्यानंतर चीनमध्ये उलट दिशेनं प्रयत्न झाला : प्रतिकारशक्ती वाढवणारं थायमोसिन अल्फा-१ पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत तपासलं गेलं, आणि २०२२मध्ये कळलं की मृत भागातला संसर्ग त्यानं लक्षणीय कमी होत नाही. दाबूनही साधलं नाही, चढवूनही नाही.

याचं कारण मला वेळेत दिसतं. माणूस कळ सोसत रात्र काढतो, सकाळी ओळखीच्या डॉक्टरकडून अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन घेतो, दुपारी सोनोग्राफी होते, संध्याकाळी मोठ्या रुग्णालयात पोचतो. चाचणीत त्याचं नाव नोंदवून संमती घेईपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. उंदराला औषध टोचतात ते पहिल्या इंजेक्शनच्या आधी किंवा तासाभरानं. न्यूट्रोफिल फुफ्फुसांत अडकून बसल्यावर त्यांना येऊ नका म्हणण्यात अर्थ नसतो. जिथे इजेची वेळ आधीच ठाऊक असते, अशा एका ठिकाणी मात्र यश आलं आहे. पित्तनलिकेत दुर्बीण घालून करायच्या ईआरसीपीनंतर काहींना पॅन्क्रियाटायटिस होतो. २०१२च्या अमेरिकी चाचणीत ईआरसीपी संपताच गुदमार्गे इंडोमेथॅसिन दिल्यावर जास्त जोखमीच्या रुग्णांत हे प्रमाण १६.९वरून ९.२ टक्क्यांवर आलं. औषध जुनं, स्वस्त, संधिवातासाठी वापरलं जाणारं. घड्याळ आपल्या हातात होतं म्हणून ते लागू पडलं, असं माझं मत आहे. सगळे सहकारी याच्याशी सहमत नाहीत, आणि त्यांचे आक्षेप नवव्या प्रकरणात आहेत. इन्फ्लिक्झिमॅबसारखी टीएनएफ हा दाहक रेणू अडवणारी औषधं आणि अ‍ॅसिनर पेशी व पांढऱ्या पेशी दोन्हींत कॅल्शियम शिरू देणारं दार बंद करणारी औषधं सध्या तपासली जात आहेत. ती कितपत लवकर देता येतात, यावर माझं लक्ष आहे.

तोवर रुग्णाला वाचवतात त्या साध्या गोष्टी, आणि त्यांच्यामागेही पांढऱ्या पेशीच आहेत. सलाइनचंच घ्या. दाहानं रक्तवाहिन्या गळतात म्हणून पाणी भरपूर द्यायचं, ही शिकवण आम्ही सगळ्यांनी घोकली. २०२२मध्ये वॉटरफॉल चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण भरपूर पाणी दिलेल्यांत २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात ते साचलं, बेतानं दिलेल्यांत ६.३ टक्के, आजार मात्र कमी झाला नव्हता. गळक्या वाहिन्यांत ओतलेलं पाणी फुफ्फुसांतच उतरणार. उपाशी ठेवण्याची जुनी रीतही गेली. शक्य तितक्या लवकर तोंडानं किंवा नळीनं अन्न दिलं की आतड्याचं अस्तर आणि त्यातली पेशींची राखण टिकते.

शस्त्रक्रियेचा भाग सगळ्यांत बोलका आहे. मेलेलं ऊतक ताबडतोब काढून टाकावं, हे सर्जनच्या वृत्तीला धरून आहे, आणि एके काळी तसंच करत. रुग्ण टेबलावर रक्तस्रावानं जात. पहिल्या आठवड्यात तिथे हात घालणं म्हणजे कच्च्या फणसात सुरी घालणं. चीक सगळीकडे, गरा काही सुटत नाही. साधारण चार आठवडे थांबलं तर मॅक्रोफेज मृत भाग विरघळवत आणतात, तंतू बनवणाऱ्या पेशी त्याभोवती भिंत बांधतात आणि आतला ऐवज सुटा होतो. या तंतू बनवणाऱ्या पेशींपैकी स्वादुपिंडातल्या स्टेलेट पेशी १९९८मध्ये वेगळ्या काढून ओळखल्या गेल्या. सिडनीत मिनोती आपटे आणि जर्मनीत माक्स बाखेम यांच्या गटांनी एकाच वर्षी हे काम प्रसिद्ध केलं. २०१०च्या डच चाचणीत आधी फक्त नळी घालून पू काढला आणि गरज पडली तरच पुढे गेले. ३५ टक्के रुग्णांना नळीच पुरली. त्याच देशातल्या २०२१च्या चाचणीत संसर्ग झालेल्यांतही नळी घालण्याची घाई केली नाही, तेव्हा ३९ टक्क्यांना अँटिबायोटिकवरच निभावलं. पहिल्या आठवड्यात ज्या मॅक्रोफेजनी आयसीयू दाखवलं, त्यांच्याच भाऊबंदांच्या कामाची वाट पाहणं हा चौथ्या आठवड्यातला उपचार असतो.

वाचनाबद्दल दोन शब्द. स्वादुपिंडाची रचना आणि एन्झाइमं यांची पहिली दोन प्रकरणं डॉक्टर मंडळींनी गाळली तरी चालतील. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांची प्रकरणं मात्र क्रमानंच वाचावीत, कारण दुसऱ्यातले प्रयोग पहिल्यातल्या प्रयोगांना दिलेली उत्तरं आहेत. टी-पेशींचं प्रकरण अवघड झालं आहे. आम्ही ते दोनदा लिहून घेतलं, तरी विषयच अजून स्थिरावलेला नसल्यामुळे त्याला याहून सोपं करणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं. ज्यांच्या घरात कुणी सध्या या आजारानं रुग्णालयात आहे, त्यांनी थेट उपचारांच्या प्रकरणाकडे जावं आणि डॉक्टरांना लायपेजऐवजी श्वास, लघवी आणि क्रिएटिनिन यांबद्दल विचारावं.